एक दोरी, चोवीस फूट

परवा आमच्या सोसायटीच्या कमिटीशी माझं भांडण झालं. विषय पाण्याचा टँकर नव्हता, पार्किंग नव्हतं, लिफ्टही नव्हती. विषय होता दोरी. हसू नका, पूर्ण वाचा आणि मग हसा.

झालं असं, की सुट्टीत मुलांनी मोबाइल सोडून खाली यावं म्हणून कमिटीने खेळाचं सामान घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत उत्तम. आमच्या मोशीतल्या सोसायटीत चार बिल्डिंगा आहेत, पोरं भरपूर. मग ठराव झाला: ज्या ज्या फ्लॅटमध्ये मूल आहे, त्या प्रत्येक फ्लॅटला एकेक स्किपिंग रोप. मुठीत आकडा दिसतो ना, तसली. किती उड्या मारल्या, किती कॅलरी गेल्या, सगळं त्या मुठीत. मी हात वर करून म्हटलं, "अहो काका, एवढ्या सुट्या दोऱ्यांऐवजी एकच लांब दोरी घेऊ या. दोघींनी फिरवायची, बाकीच्यांनी उड्या मारायच्या." सेक्रेटरीकाका म्हणाले, "वहिनी, एका दोरीत एवढी मुलं कशी मावणार? आणि ती दोरी ठेवायची कोणाच्या घरी?"

त्यांना वाटलं, प्रश्न निरुत्तर करणारा आहे. मला वाटतं, सगळं उत्तर त्या प्रश्नातच आहे. जी कोणाच्याच घरची नाही, तीच दोरी मला हवी होती.

सुटी दोरी कशी मोजतात ठाऊक आहे? मधोमध एक पाय ठेवून उभं राहायचं आणि दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की झालं. म्हणजे ती एका माणसाच्या अंगाच्या मापाची वस्तू, सदऱ्यासारखी. ताईची दादाला होत नाही, दादाची धाकटीला होत नाही. व्यायाम म्हणून झकास आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिने मुलं खाली आली, तरी एकेकटीच आली. ठरावानंतरच्या पहिल्या संध्याकाळी मी गॅलरीतून बघत होते. सात मुलं, सात दोऱ्या, आणि प्रत्येकाची नजर आपापल्या मुठीतल्या आकड्यावर. मोबाइल सोडून खाली आले म्हणे!

आणि आठवी एक मुलगी कट्ट्यावर बसून होती. तिची आई आमच्या दोन बिल्डिंगांत संध्याकाळची पोळ्या करायला येते आणि हिला घरी एकटी ठेवायला नको म्हणून सोबत आणते. तिचा इथे फ्लॅट नाही, म्हणून तिला दोरी नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, ठरावाची भाषाच तशी होती. पण भांडण मी केलं ते तिच्यामुळे.

आता मागे जाऊ. मी वाढले निगडीच्या यमुनानगरमध्ये. बाबा टेल्कोत (आता टाटा मोटर्स, पण आमच्या घरात ती कायम टेल्कोच). गल्लीत निम्म्या घरांचे बाबा असेच कुठल्या ना कुठल्या कंपनीत. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी, त्यामुळे दुपारी आरडाओरडा बंद. सूर्य मावळायला कासराभर राहिला की आम्ही बाहेर. दोरी होती एक, गावाहून काकांनी आणलेला बैलाचा जुना सुती कासरा. बैल विकला गेला आणि कासरा आमच्याकडे आला. दोघी फिरवणार, बाकीच्या एकामागून एक आत शिरणार. नियम एकच, जिच्या पायात दोरी अडकेल तिने टोक धरायचं.

हा नियम जरा नीट बघा, कारण माझा सगळा वाद याच्यावर उभा आहे. बहुतेक खेळांत आउट झालेला बाजूला जाऊन बसतो. इथे आउट झालेली दोरीच्या टोकाला जाते आणि आता तिच्याशिवाय खेळच चालत नाही. जिला उडी जमत नाही तिच्या हातात ताल येतो. आत येणारी लहान असेल तर ती दोरी हळू करते, आगाऊ असेल तर जोरात करते. मी स्वतः उड्या मारण्यात ढ होते. पण दोरी अशी फिरवायचे की मला आधी बोलवायला यायचे.

विरोधी पक्षाचं म्हणणंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. एक, मुलं पडतील. पडतील की. दोन, गाड्यांना दोरी लागेल. मग गाड्या नाहीत तिथे खेळू. तीन, जो सारखा अडकतो त्याला बाकीचे चिडवतात. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्य आहे. जपानमधल्या शाळांत अख्खा वर्ग एका लांब दोरीवर एकाच वेळी उड्या मारतो, त्याच्या स्पर्धा होतात, आणि तिथेही एकाच्या पायाने सगळ्यांचा आकडा तुटतो. म्हणून तर म्हणते, आकड्याच्या मागे लागूच नका. टोक धरण्याचा नियम ठेवा, चिडवायला फुरसत उरत नाही.

आणि चौथं, "हा मुलींचा खेळ." ऐका तर मग. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर मुली कपडे वाळत घालायच्या दोऱ्या घेऊन, दोन दोऱ्या एकदम उलटसुलट फिरवून उड्या मारायच्या. त्याला डबल डच म्हणतात. 1973 साली डेव्हिड वॉकर आणि युलिसिस विल्यम्स या दोन पोलिसांनी त्याचे नियम बांधले, 1974 मध्ये स्पर्धा सुरू झाल्या आणि 2009 मध्ये तो तिथल्या सरकारी शाळांत अधिकृत खेळ झाला. दोन पोलिसांना जे कळलं ते आमच्या कमिटीला कळायला काय हरकत आहे?

असो. एवढं बोलल्यावर कमिटीने मोठ्या मनाने लांब दोरी आणली. आणि इथे भांडणाचा दुसरा अंक सुरू झाला, कारण त्यांनी आणली ती करंगळीहून बारीक, निळी, चकचकीत, पंधरा फुटी दोरी. "नायलॉनची आहे वहिनी, वर्षानुवर्षं टिकेल."

पहिली गोष्ट, ती नायलॉनची नव्हतीच. दुकानात ज्याला सरसकट नायलॉन म्हणतात त्यातली बरीचशी दोरी पॉलिप्रॉपिलीनची असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर नायलॉन नाही. पॉलिप्रॉपिलीनचं वजन घनसेंटिमीटरला 0.91 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याहून हलकं. नायलॉन 1.14, पॉलिएस्टर 1.38 आणि कापसाचा तंतू साधारण 1.5.

आता आमच्या चिंचवडच्या एमआयडीसीत गरवारेंची कंपनी आहे. 1976 साली गरवारे वॉल रोप्स म्हणून सुरू झाली, 2018 पासून गरवारे टेक्निकल फायबर्स. मासेमारीची जाळी आणि जहाजांचे दोर यासाठी नाव कमावलेली. म्हणजे दोरी या विषयावर आपण पिंपरी-चिंचवडकरांनी तरी अडाणी राहू नये! समुद्रावर दोर तरंगला पाहिजे, तिथे हलकेपणा हा गुण. सोसायटीच्या मैदानात तोच अवगुण. हलकी दोरी वाऱ्याने वाकडी होते, वर गेली की खाली यायला कुरकुरते, फिरवणारीला मग जोर लावून ती ओढावी लागते. जोर लावला की वेग वाढतो. वेग वाढला की लहान पोरं आत शिरू शकत नाहीत. आणि बारीक, ताठ दोरी पोटरीवर बसली की वळ उठतो. एकदा वळ उठला की ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

कमिटीच्या कोटेशनमध्ये हे नसतं. बारीक, हलकी, तोकडी दोरी घेतली, की कोण खेळणार हे तुम्ही दुकानातच ठरवून टाकता: दहा-बारा वर्षांची चपळ मुलं, बस्स. जाड, मऊ, वजनदार आणि लांब दोरी घेतली की ती आपल्या वजनानेच संथ, गोल फिरते. आत शिरणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला ती येताना दिसते, जमिनीवर टेकल्याचा आवाज येतो आणि त्या आवाजावर उडी जमते.

म्हणून माझी शिफारस, कुणाला उपयोग झाला तर: वळलेली किंवा विणलेली सुती दोरी, जाडी दहा ते बारा मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या करंगळीएवढी. लांबी चोवीस फूट. चोवीसच का? दोन-दोन फूट दोन्ही हातांत दुमडून जातात. उरली वीस. फिरवणाऱ्या दोघी साधारण अठरा फुटांवर उभ्या राहिल्या की मधली दोरी बरोबर जमिनीला टेकते आणि वर गेली की डोक्यावरून जाते. पण लक्षात ठेवा, उड्या मारायला मिळते ती फक्त मधली आठ-नऊ फूट. टोकांकडे दोरी जमिनीपासून वरच राहते. आठ-नऊ फुटांत पाच-सहा मुलं आरामात. पंधरा फुटी दोरीचा हाच हिशोब करा, दोन-तीन मुलं जेमतेम. मग बाकीची रांगेत कंटाळतात आणि वर जाऊन कार्टून लावतात.

लाकडी मुठी नकोत. सुटली तर कुणाच्या तरी तोंडावर बसते. नुसती गाठ मारा आणि टोक दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे उसवत नाही. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची, म्हणजे कुणी अडकलं तर सोडता येते. सुंभ अजिबात नको, हात सोलतो. पेव्हर ब्लॉकवर सुती दोरी झिजते, मातीवर टिकते. पावसात भिजली तर दगडासारखी जड होते आणि सावलीत कुजते, म्हणून उन्हात वाळवा. पावसाळ्यासाठी हवी असेल तर विणलेली पॉलिएस्टरची घ्या, वजनदारही असते आणि पाणी फारसं पीत नाही. पण निळी नको. नको म्हणजे नको!

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "वहिनी, आता खरेदी झाली आहे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. मग मीच गेले. पोळ्याच्या आधीचे दिवस होते आणि अशा वेळी चाकणच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं लागतात: म्होरक्या, गोंडे, कासरे. आता त्यातही प्लॅस्टिकचा दोर फार दिसतो. पण एका आजोबांकडे सुताचा निघाला. "बैल किती?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "बैल नाही, पोरं आहेत." हसले आणि म्हणाले, "मग जरा लांबच न्या."

दोरी मी वॉचमनदादांच्या केबिनमध्ये खुंटीवर टांगली. कोणाच्याही घरी नाही. ठराव केला नाही, वही ठेवली नाही. पहिल्या दिवशी आमची धाकटी आणि शेजारची टोकं धरून उभ्या राहिल्या आणि दोरी नुसती लोळली, ताल काही जमेना. तेव्हा कट्ट्यावरची ती मुलगी उठली, धाकटीच्या हातातून टोक घेतलं आणि म्हणाली, "काकू, खांद्यातून फिरवायची असते, मनगटातून नाही." बरोबर होतं तिचं. मी विसरले होते.

आता रोज संध्याकाळी दहा-बारा जण असतात. मोजणं मराठीत सुरू होतं, हिंदीत जातं, एक उडिया पोरगा मधूनच त्याच्या भाषेत मोजतो आणि बाकीचे तसंच त्याच्यामागे म्हणतात. "मुलींचा खेळ" म्हणणारे क्रिकेटवाले चौथ्या दिवशी रांगेत होते. पोळ्या आटोपून आई हाक मारते तेव्हा ती मुलगी "थांब गं, माझी टोकाची पाळी आहे" म्हणते. आई थांबते. तिच्या बापाची रात्रपाळी असते, घाई असते, तरी थांबते.

आकडेवाल्या दोऱ्यांचं म्हणाल तर बऱ्याच जणांचे सेल संपलेत. निळी दोरी वाया गेली नाही, तिच्यावर आमच्या टेरेसवर कपडे वाळतात. त्या कामाला ती खरंच चांगली आहे.

पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे. विषयपत्रिकेत "बाहेरील मुलांचा सोसायटीच्या आवारातील वावर" असा एक मुद्दा आलाय म्हणे. मी जाणार आहे. दोरी सोबत घेऊन जाणार आहे. दोन टोकं दोन काकांच्या हातात देईन, म्हणेन फिरवा. मग बोलू.

तुमच्याकडे कोणती दोरी होती, कुठून आली होती, टोक कोण धरायचं, जरूर लिहा. आणि नाशिकच्या मावशी, तू वाचत असशीलच, तो कासरा शेवटी गेला कुठे, तेवढं आठवून सांग.