मोजमाप वहीतली सही

बिदर-कलबुर्गीत बांधकामाला पैसा नाही असं नाही. 371-जे कलमानंतर कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळामार्फत रस्ते, शाळांची कामं निघतात. त्यातला किती पैसा सिमेंटात उतरतो?

जुलै 2021 मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनेनं पंतप्रधानांना पत्र लिहून 40 टक्के कमिशनचा आरोप केला. चर्चा झाली ती राजकारण्यांची. अभियंता सहीसलामत सुटला. वास्तविक मोजमाप वहीत त्याची सही झाल्याशिवाय बिल पुढे सरकतच नाही.

सहीआधीच्या तपासणीचं पाहा: एम-20 काँक्रीटचा 150 मिलिमीटरचा ठोकळा 28 दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडतात. चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकद हवी. पण माल सैल व्हावा म्हणून मुकादम बादलीभर जादा पाणी ओततो, आणि तपासणीचे ठोकळे तेवढे चांगल्या मालाचे भरले जातात. कागदावर सगळं पास! शेजारी उभ्या अभियंत्याला हे दिसत नाही, असं कोणी सांगू नये.

आणि कच्चं बांधकाम इथे परवडणारं नाही: 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं हादरलेलं किल्लारी इथल्या बसवकल्याणपासून फार लांब नाही.

अर्थात सहीला नकार देणाऱ्या अभियंत्याच्या हाती बदलीचा कागद पडतो, हेही खरंच. म्हणून लेखी नकाराला संरक्षण हवं, आणि मोजमाप वहीची पानं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवीत, कन्नडमध्ये आणि सीमाभागात मराठीतही.