हमीभाव जिनिंगच्या फाटकावर, भाडे शेतकऱ्याच्या डोक्यावर



2025-26 च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर केला, मध्यम धाग्याचा 7,710. हा भाव नेमका कोणत्या जागेवरचा? तुमच्या धुऱ्यावरचा नाही, घरातल्या गंजीचाही नाही. हा भाव आहे जिनिंगच्या फाटकाच्या आतला. धुऱ्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता सरकारच्या हिशेबात नाही. हमीभाव जाहीर करताना सरकार खर्चाची यादी छापते. तीत मजुरी आहे, बैलजोडी आणि यंत्राचे भाडे आहे, बियाणे, खते, पाणी, जमिनीचा खंड आहे, अवजारांची झीज आहे, व्याज आहे, घरच्या माणसांची मजुरीसुद्धा आहे. गाडीभाडे कुठेही नावाने नाही.

भंडारा जिल्हा धानाचा. भरड जमिनीवर कापूस-ज्वारी करणारे आपण मूठभर. कापसाचा मोठा बाजार आपल्या पश्चिमेला. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर, हिंगणघाट त्याच्याही पलीकडे. आता एक हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

दहा क्विंटल कापूस आहे. पिकअपचे भाडे 3,000. चढाई-उतराई 400. रांगेत रात्र गेली, गाडी खोटी झाली, त्याचे 800. एकूण 4,200, म्हणजे क्विंटलला 420. 8,110 मधून वजा केले की हातात 7,690. पिकवला लांब धागा, आणि पदरात पडले मध्यम धाग्याच्या भावाहून वीस रुपये कमी! अजून ओलावा राहिला. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर 12 पर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, 12 च्या वर माल परत. घरून कोरडा निघालेला कापूस रात्रभर दवात उभा राहिला आणि काट्यावर 10 निघाला, तर आणखी 162 रुपये गेले. उरले 7,528. गावात आलेला व्यापारी अंगणातच 7,500 देत असेल तर शहाणा शेतकरी काय करेल? हमीभावाचा फरक उरला अठ्ठावीस रुपये. तेवढ्यासाठी नोंदणी करा, तारीख घ्या, गाडी शोधा, रात्र जागा, आणि माल परत आला तर दोन्हीकडचे भाडे भरा. मग साहेब म्हणतात, शेतकरी केंद्रावर येत नाही, खेडा खरेदीत लुटला जातो, त्याला अक्कल नाही. अक्कल आहे म्हणूनच तो येत नाही.

या भाड्यात आपण वाहून काय नेतो तेही पाहा. एक क्विंटल कापसात रुई निघते साधारण 34 किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी. शिवाय सुटा कापूस फुगतो. ज्वारीचे पोते घट्ट भरते. कापसाने गाडी भरते पण वजन भरत नाही, आणि भाडे मात्र पूर्ण गाडीचे. जिनिंगमधून निघताना पाच क्विंटल कापसाची 170 किलोची एक घट्ट गठाण झालेली असते. तिची वाहतूक स्वस्त. म्हणजे हवा आणि सरकी वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, दाबलेली रुई नेण्याची सोय पुढच्याची. आणि तीच सरकी ढेप होऊन आपल्या गोठ्यात परत येते, तेव्हा परतीचे भाडेही आपल्याकडूनच वसूल होते.

व्यापाऱ्याला हे गणित दीडशे वर्षांपूर्वीच कळले होते. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरपर्यंत जायचा. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि स्टेशनांजवळ जिन-प्रेस उभे राहू लागले. रुई दाबली की रेल्वेचे आणि जहाजाचे भाडे वाचते. शेतापासून स्टेशनपर्यंतची बंडी मात्र तेव्हाही शेतकऱ्याची होती. पुढे 1972 पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदी आली. सीमेवर नाके बसले, केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागल्या, पण बंडीचा खर्च कोणी मोजला नाही.

2025 मध्ये खरेदी केंद्रासाठी निकष ठरले: किमान 3,000 हेक्टर कापूस, चालू बाजार समितीचे आवार, आणि निदान एक जिनिंग कारखाना. या नियमाने देशभर 550 केंद्रे झाली असे सरकार अभिमानाने सांगते. नियम उलटा वाचा. जिथे कापूस विखुरलेला आणि जिनिंग नाही, तिथे केंद्र नाही. ज्याचा रस्ता सर्वांत लांब, त्यालाच सरकारने आणखी लांब पाठवले.

हे अपरिहार्य आहे असे सांगणाऱ्याला आमचा एकच प्रश्न: मग धानाचे काय? याच जिल्ह्यात हमीभावाचे धान गावाजवळच्या संस्थांच्या केंद्रांवर मोजले जाते. तिथून गिरणीपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च सरकारच्या खात्यात पडतो. कोणी म्हणत नाही की धान गिरणीच्या दारात आणा, तरच हमीभाव. कापसाला आग लागते, तो उडतो, प्रतीचे वाद होतात, ही अडचण खरी आहे. पण कापूस महामंडळ जिनिंग कारखान्यांशी करार करूनच खरेदी करते. त्याच करारात आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणी काटा आणि पुढची वाहतूक घालायला कोणी अडवले आहे?

हे होईपर्यंत वजनाच्या पावतीवर अंतर लिहा आणि किलोमीटरप्रमाणे भाडे कापसाच्या चुकाऱ्यासोबत बँक खात्यात जमा करा. चुकारा आता थेट खात्यातच येतो, तेव्हा व्यवस्था नाही ही सबब चालणार नाही. आणि ओलावा गाडी फाटकावर आली त्या वेळी मोजा, रांगेत रात्र काढल्यावर नव्हे. यात भीक मागणे नाही. धानाला लावलेला नियम कापसाला लावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने या हंगामाची वजनाची पावती, गाडीभाड्याची चिठ्ठी आणि गावापासून काट्यापर्यंतचे अंतर लिहून आणावे. ज्यांनी गावातच माल दिला त्यांनी तो भाव आणि तारीख आणावी. ज्यांची गाडी परत आली त्यांनी दोन्ही फेऱ्यांचा खर्च वेगळा लिहावा. गावनिहाय तक्ता बैठकीतच तयार करू आणि तो घेऊन दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊ.