टेप जुना, वाट मोकळी
जुन्या गाडीतला कॅसेट टेप काढून टाकण्याची घाई अनेकांना होते, कारण ‘त्यात फोनवरची गाणी वाजत नाहीत’ अशी समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर टेपात सरकवला की काम होतं. त्यात फीत नसते. टेपच्या हेडसमोर येईल असं एक छोटं हेड असतं आणि त्याची वायर फोन किंवा आयपॉडसारख्या प्लेअरच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये जाते. प्लेअरचा सिग्नल चुंबकीय होऊन समोर आला की टेपला वाटतं, फीतच सरकते आहे. आतली दातेरी चाकंही निव्वळ चकवण्यासाठी. ती फिरली नाहीत तर ऑटो-रिव्हर्सचा टेप ‘कॅसेट संपली’ असं समजून बाजू बदलत बसतो. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली, आयपॉड २००१ साली आला. तरी दोघांचं जमलं. कारण कॅसेटचा आकार सगळीकडे एकच होता आणि टेप कुणाकडे ओळखपत्र मागत नव्हता. गाडीच्या म्युझिक सिस्टीमला अशी एक साधी, बिनकुलपाची वाट असलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. नव्या गाड्यांतून नेमकी तीच नाहीशी होते आहे.

‘मग एफएम ट्रान्समीटर लावा की,’ असं कुणी म्हणेल. लायटरच्या सॉकेटात बसणारं ते यंत्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात स्वतःचं चिमुकलं केंद्र चालवतं. घाटात, जिथे पट्टा रिकामा असतो, तिथे ते झकास चालतं. मुंबई-पुण्यात मात्र मोकळी जागा सापडणंच कठीण, आणि सापडली तरी पुढच्या वळणावर गाण्यात जाहिरात घुसते. वायरला हा त्रास नाही. कॅसेट अडॅप्टरची खरखर आणि चाकांची कुरकुर खरी आहे. पण प्लेअरचा आवाज बराच वर आणि टेपचा खाली ठेवला की खरखर पुष्कळ दबते. धावत्या गाडीत उरलेली टायरच्या आवाजात विरते.

ब्लूटूथ सोयीचं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आक्षेप ‘फक्त ब्लूटूथ’ला आहे. पूर्वी स्टिरिओ १८० बाय ५० मिलिमीटरच्या ठरलेल्या खाचेत बसायचा. बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा बसवता यायचा. आता पडद्यातच एसी, रिव्हर्स कॅमेरा आणि गाणी एकत्र गुंफलेली असतात. त्यामुळे फोन बदलला आणि पडद्याचं सॉफ्टवेअर मागे पडलं, तर पंधरा वर्षं चालणाऱ्या गाडीतली गाणी मधेच अडतात. वायरमुळे चालकाचं लक्ष उडतं, हा आक्षेप रास्त. पण पडद्यावर चार मेनू चाळण्यानेही ते उडतंच. गाडी सुरू करण्यापूर्वी गाणी लावणं, हा दोन्हीवर एकच उपाय. राहता राहिला खर्च. लाखोंच्या गाडीत अशी वायर थेट जोडता येईल अशा एका ऑक्स सॉकेटची किंमत किती, हे कंपन्यांनीच सांगावं.