गहू आला, गिरणी नाही

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी असरनंतर लॅपटॉप घेऊन घरी आली. लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यावर तिचा छोटा प्रकल्प होता. नोंदी वहीत तयार होत्या, फक्त पायथनमध्ये आकडेमोड करून आलेख काढायचे राहिले होते. तीन दिवस पडद्यावर लाल अक्षरांशिवाय काही येत नव्हते. "सर, मेरे से नहीं होगा," ती म्हणाली. सायन्स सोडून बी.ए. कर, असे घरी मामूंनी सुचवूनही झाले होते.

लाल अक्षरे आम्ही सावकाश वाचली. सायपाय नावाचा संच बसत नव्हता, कारण संगणकात कंपायलर सापडला नाही. आता कंपायलर म्हणजे काय, हे रसायनशास्त्राच्या मुलीने का जाणावे?

सायपायचा बराच भाग सीसारख्या भाषांत लिहिलेला आहे. तो मजकूर म्हणजे गहू. संगणकाला चालते ते पीठ, आणि कंपायलर ही गिरणी. बनवणारे लोक पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे दळण करून ठेवतात, त्या तयार पुड्याला 'व्हील' म्हणतात. पिप ही आज्ञा आधी पीठ शोधते. आपल्या आवृत्तीचे मिळाले नाही तर गव्हाचे पोते आणून टाकते आणि घरात गिरणी शोधते. या मुलीने नुकतीच निघालेली आवृत्ती घेतली होती. बाजारात ताजे तेच घ्यावे, या आपल्या सवयीनेच. तिच्यासाठी दळण अजून झालेले नव्हते.

आम्ही ती काढून आधीची आवृत्ती बसवली. पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'ची चौकट असते, तिच्यावर खूण केली. ती राहिली तर पुढे आज्ञा दिल्यावर संगणक पायथनला ओळखतच नाही. मगरिबच्या अजानपूर्वी पहिला आलेख निघाला.

ही अडचण एकट्या तिची नाही. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी नमपाय घडवले, पण शास्त्रज्ञांनाही हे संच बसवताना घाम फुटतो हे त्यांना दिसत होते. 2012 मध्ये त्यांनी पीटर वँग यांच्याबरोबर कंपनी काढली आणि पायथनसकट सगळे एकाच फाइलमध्ये बांधून दिले. तेच ॲनाकोंडा. फाइल मात्र फार मोठी. मोबाइलच्या डेटावर जगणाऱ्या घरात दिवसाचा पॅक त्यातच संपायचा. हुशार माणसे "सूचना नीट वाचा" म्हणून मोकळी होतात, ते आम्हाला पटत नाही. सूचना इंग्रजीत, त्याही आधीच जाणणाऱ्यांसाठी लिहिलेल्या. त्या मानाने आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प पाहावा. दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मराठी आणि उर्दूतसुद्धा. पडदा पाहत, थांबवत, सोबत करत जायचे.

त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक काम केले. पायथनची ती आवृत्ती आणि नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब यांचे तयार पुडे एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. इंटरनेट नसतानाही त्यावरून बसवता येते, आम्ही वायफाय बंद करून पाहिले. पेन ड्राइव्ह सध्या त्या मुलीकडे आहे. तिच्या वर्गातल्या चौघींनी मागितली आहे.