विश्लेषण : महालमधल्या गर्दीत कोणी काय पाहिले?

नागपूरच्या महाल भागात १७ मार्च २०२५च्या सायंकाळी हिंसाचार उसळला. शहरातील ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत लागलेली संचारबंदी २३ मार्चला पूर्ण उठली. दरम्यान समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरत राहिल्या. अशा प्रकरणात पुढे कळीचा प्रश्न येतो तो साक्षीदाराचा: त्याने प्रसंग गल्लीत पाहिला की मोबाइलवर?

आठवण बदलते कशी?

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर आले ताशी ३४ मैल. ‘आदळून चक्काचूर झाल्या’ असा शब्द वापरला, तर सुमारे ४१ मैल. फिल्म तीच! दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने फुटलेल्या काचांविषयी विचारले. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना त्या आठवल्या, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी सात जणांना. आता ‘जमाव जमला’ आणि ‘जमाव चालून आला’ यांतला फरक पाहा. चौकशीतला प्रश्न यातल्या कोणत्या शब्दांत विचारला, यावर उत्तर हलू शकते.

मग चित्रफीत तरी खात्रीची?

दगड कोणाच्या हातात होता, हे ती दाखवू शकते. हेतूचे मात्र तसे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तेच चित्रण संथ गतीने पाहणाऱ्यांना कृत्य अधिक जाणूनबुजून केलेले वाटले. विचार करायला त्या माणसाकडे जास्त वेळ होता, असा त्यांचा समज झाला. समाजमाध्यमांवरच्या फिती तर अनेकदा संथ केलेल्या, लाल वर्तुळ काढलेल्या असतात.

न्यायालय काय पाहते?

जमावाच्या गुन्ह्यात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांचे सुसंगत कथन असावे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मसलती खटल्यात योग्य मानली. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. आज तिघांनी एकच फीत पाहिली असेल, तर त्यांचे कथन जुळेलच. पण त्या तीन स्वतंत्र आठवणी म्हणता येतील का? ओळख परेडमध्येही हीच अडचण: चेहरा आधी पडद्यावर दिसला असेल, तर ओळख त्या रात्रीची की पडद्यावरची, हे साक्षीदारालाही सांगता येत नाही. म्हणून जबाब कधी झाला, याला वजन आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार पोलिसांना तो दृक्‌श्राव्य स्वरूपातही नोंदवता येतो. त्यात प्रश्नाचे शब्दही टिपले जातात.