जुना संगणक पुन्हा उभा करताना : मदरबोर्ड स्वस्त नको, परवडणारा हवा

आपल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत कोपऱ्यात कापड टाकून झाकलेला एक संगणक असतोच. कुणी विचारलं की मुलंच सांगतात, "तो बंद आहे, सर." दुरुस्तीवाल्याकडे नेला की उत्तर ठरलेलं, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." मग एकतर तो कायमचा झाकला जातो, नाहीतर दुकानातला सगळ्यात कमी किमतीचा बोर्ड बसवून आपण मोकळे होतो. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी चुकीच्या. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याचा हात कीबोर्डला लागतो तो फक्त शाळेत. म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नये.

१) बोर्ड खरंच गेलाय का?

पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, एवढ्यावरून बोर्ड गेला असं म्हणू नये. आधी वीजजोडणी पूर्ण काढा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि परत घट्ट बसवा. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदला. तो बहुधा सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस लावून बघा. एवढं करूनही चालू झाला नाही, किंवा बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, गळलेले दिसले, तर बोर्ड बदलण्याचा विचार करा.

२) कंपनीच्या आधी प्रोसेसर बघा

आपण दुकानात जाऊन "चांगल्या कंपनीचा बोर्ड द्या" म्हणतो. पण बोर्ड निवडायचा तो हातातल्या प्रोसेसरवरून. इंटेलचं साधारण गणित असं :

• कोअर टू ड्युओ, सॉकेट ७७५ : यावर पैसे घालू नयेत. याचे बरेच बोर्ड डीडीआर२ रॅमचे आहेत. चालेल तोवर चालवावा.
• आय३, आय५ दुसरी-तिसरी पिढी, सॉकेट ११५५ : एच६१ बोर्ड. रॅम डीडीआर३.
• चौथी पिढी, सॉकेट ११५० : एच८१ किंवा बी८५.
• सहावी-सातवी पिढी, सॉकेट ११५१ : एच११०.
• आठवी-नववी पिढी : सॉकेटचं नाव तेच ११५१, पण बोर्ड वेगळा, एच३१० वगैरे.

शेवटच्या दोन ओळींत बरेच जण फसतात. सॉकेटचा आकडा सारखा दिसतो, प्रोसेसर बसतोही, पण संगणक चालू होत नाही. म्हणून कंपनीच्या साइटवर त्या बोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, तिच्यात आपला नंबर शोधूनच पैसे द्या. रॅमचंही तसंच. डीडीआर२, ३ आणि ४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. मग जुने संगणक टाकायचे का? मुळीच नाही. लिनक्स मिंट किंवा उबंटू मोफत आहेत, त्यांत मराठी युनिकोड टायपिंग होतं. सोबत एक छोटी एसएसडी लावली की एच६१ वरचा संगणकही मुलांच्या टायपिंगला, चित्रकलेला आणि शैक्षणिक व्हिडिओला पुरून उरतो.

३) नवा की वापरलेला?

एच६१ आणि एच८१ आता जुने झालेत. त्यांचे नवे म्हणून मिळणारे बोर्ड बरेचदा कमी माहितीच्या कंपन्यांचे असतात. माझं मत सरळ आहे : तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर आहे, वॉरंटी लेखी मिळते आणि पक्कं बिल मिळतं, तरच नवा घ्या. शाळेच्या हिशेबात बिल लागतंच.

वापरलेला घेताना सॉकेटवरचं झाकण काढायला लावा आणि उजेडात पिना बघा. इंटेलच्या या बोर्डांत बारीक पिना बोर्डवरच असतात. एक जरी वाकलेली दिसली तर बोर्ड परत करा. दुकानात तासभर चालवून दाखवा म्हणावं, त्यात लाजायचं काय? कार्यालयांतल्या ब्रँडेड संगणकांतून काढलेले बोर्ड स्वस्त दिसतात, पण त्यांतल्या अनेकांचा आकार आणि वीजजोडणी वेगळी असते. ते आपल्या साध्या कॅबिनेटमध्ये बसतीलच असं नाही.

४) चौथीच्या मुलालाही जमेल असा हिशेब

समजा, एक बोर्ड २,००० रुपयांचा आहे आणि वर्षभर टिकला. दुसरा ४,००० चा, पण चार वर्षं टिकला. पहिल्याचा वर्षाचा खर्च २,०००, दुसऱ्याचा १,०००. मग स्वस्त कोणता? शिवाय संगणक बंद पडला की मुलांचे महिने वाया जातात, ते कुठल्याच बिलात दिसत नाहीत. मात्र बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही बदलावे लागत असतील आणि खर्च नव्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबा. लोकवर्गणी थोडी वाढवून नवाच घेतलेला बरा.

५) बोर्ड बसवल्यावर

चांगला बोर्डही वाईट विजेपुढे टिकत नाही. खोलीला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएस लावा. कॅबिनेटची मागची रिकामी भोकं बंद करा, तिथून पाली आणि मुंग्या आत जातात. सुट्टी लागायच्या आधी पिन काढून ठेवा.

शाळेचा संगणक असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जडवस्तू नोंदवहीतली नोंद विसरू नका. जुना बोर्ड परस्पर भंगारात घालू नये. त्याचं रीतसर निर्लेखन करून तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. पण त्याआधी एकदा मुलांना हातात घेऊन बघू द्या. प्रोसेसर कुठे बसतो, रॅम कुठे, वीज कुठून येते, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्या बंद बोर्डवर लवकर कळतं.