समुद्राकांठची सहल बंद करावी काय?

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गाची सहल मुरुडच्या बाजूस गेली होती. ती परत आल्यापासून, असल्या सहली यापुढें नेऊं नयेत, नेल्याच तर एखाद्या संग्रहालयास अथवा कारखान्यास न्याव्यात, अशी सूचना कांहीं पालकांनीं आमच्याकडे केली आहे. सूचना मायेपोटीं आलेली असल्यामुळें तिला उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. आणि ज्या प्रसंगावरून ती आली तो प्रसंग आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

प्रथम तो प्रदेश कसा आहे तें सांगतों. अलिबागेहून दक्षिणेस निघालें म्हणजे रेवदंड्याची खाडी लागते. कुंडलिका नदी तेथें समुद्रास मिळते. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर थेट पाण्यांत पाय सोडून बसलेला आहे व त्याच्या पाठीवर पोर्तुगिजांचा किल्ला आहे. पायथ्याच्या गांवांतील आमचे ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली एक बोली आजही घरांत बोलतात, आणि तिला 'नौ लींग', म्हणजे आपली भाषा, असें म्हणतात. मुलांस याचें फार नवल वाटलें व त्या बोलींतील दोनचार शब्द शिकून घेण्याचा त्यांनीं हट्टच धरला. पुढें काशीद, नांदगांव अशीं गांवें घेत रस्ता मुरुडास जातो. उजव्या हातास समुद्र, डाव्या हातास डोंगर, आणि मध्यें कित्येक ठिकाणीं जेमतेम रस्ता मावेल एवढी जागा. कोठें कोठें काळा पाषाण उतरत उतरत लाटांत जातो आणि वरची झाडी पाणी पाहण्यास यावें तशी कड्यापर्यंत येते.

तें डोंगरावरील रान म्हणजे फणसाडचें अभयारण्य. पूर्वीं हें जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचें शिकारीचें राखीव रान होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आणि १९८६ सालीं या रानास अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. जें रान एका माणसाच्या बंदुकीसाठीं राखलें गेलें होतें, तेंच आज बंदुकीपासून राखलें जातें. येथें शेकरूं आहे, सांबर व भेकर आहे, बिबट्याही आहे. पाणवठ्यास तेथील लोक 'गाण' म्हणतात. झाडांवरून गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड होऊन लोंबतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात. आम्ही पहिला सारा दिवस या रानांत काढला. शेकरूं दिसलें तें क्षणभरच. पण त्या क्षणासाठीं एरव्हीं वर्गांत दोन मिनिटें न बसणारीं मुलें अर्धा तास श्वास धरून बसलीं होतीं. बहुतेक प्रवासी काशीदच्या वाळूवर मोटार थांबवितात, लाटांत भिजतात, खातात आणि परत फिरतात. डाव्या हाताच्या रानाकडे मान वळविण्याचेंही त्यांस सुचत नाहीं, हें आमच्या मतें त्यांचें मोठेंच नुकसान आहे.

आतां तो प्रसंग. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास एका खडकाळ किनाऱ्यावर आम्ही उतरलों. शुद्ध द्वितीया होती. अर्थात् हें आम्हांस मागाहून कळलें. डबे उतरवून मोजण्यांत आम्ही गुंतलों असतां चार मुलें खडकावरून खडकावर जात बरींच पुढें गेलीं. समोरून पाणी येईल तेव्हां मागें वळूं, असा त्यांचा हिशेब. परंतु खडकाळ किनाऱ्यावर पाणी समोरून येतेंच असें नाहीं. तें बाजूच्या घळींतून शिरून माणसाच्या पाठीमागें जातें. कालवें काढून परत निघालेल्या एका वृद्ध कोळणीनें तें पाहिलें. "पोरांनो, मागं बघा, पानी भरलं!" असें ती ओरडली, टोपली खालीं टाकून आंत गेली, आणि दुसऱ्या एका कंगोऱ्यावरून त्या चौघांस हातास धरून बाहेर घेऊन आली. त्यांच्या कमरेपर्यंत पाणी होतें. नंतर ती आम्हांस म्हणाली, "मास्तर, आज बीज. दीडाला भरती. हें तुमच्या पुस्तकांत नाय?"

तें आमच्या पुस्तकांत होतें आणि नव्हतें. सूर्यचंद्रांच्या आकर्षणानें भरती येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, हें सर्व आम्हीच शिकविलें होतें. त्या चौघांपैकीं एकास त्या प्रश्नास पुरे गुणही आम्हीच दिले होते. परंतु तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास साधारणतः कळतो, हा कोंकणांतील साधा हिशेब आम्हांस ठाऊक नव्हता. द्वितीयेस दीड वाजतां, चतुर्थीस तीन वाजतां. त्यापूर्वीं सुमारें सहा तास ओहोटी, आणि त्या दोहोंच्या मध्यल्या तासांत पाणी सर्वांत वेगानें चढतें. नेमक्या त्याच वेळीं आम्ही डबे मोजीत होतों. दोष मुलांचा नव्हे, समुद्राचा तर नव्हेच. तो आमचा होता.

पालकांची भीति आम्ही पोकळ समजत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या घरांतील दुःखापुढें आमच्या कोणत्याही युक्तिवादास कांहीं किंमत नाहीं. तरीही आम्ही विचारतों कीं, सहल बंद केल्यानें मुलें समुद्रापासून दूर राहतील काय? आज तीं चौदा वर्षांचीं आहेत. आणखी चार वर्षांनीं मित्रांसमवेत दुचाकीवर बसून तीं त्याच वाळूवर जातील. तेव्हां बरोबर शिक्षक नसेल आणि खिशांत पंचांगही नसेल. पाण्याच्या ओढींत सांपडल्यास तिच्याविरुद्ध झुंजूं नये, कांठाशीं समांतर सरकत बाहेर यावें, हें तीं कोणाकडून शिकणार? संग्रहालयांत हा धडा मिळत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, सहल बंद न करतां ती निराळ्या रीतीनें न्यावी. समुद्रस्नान अजिबात नको, याविषयीं आमचें व पालकांचें एकमत आहे. दहा मुलांमागें एक जाणतें माणूस असावें आणि तेथल्याच एखाद्या कोळी बंधूस अथवा भगिनीस योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावें. मोबदल्याचा उल्लेख मुद्दाम करतों; कारण त्या आजीबाईंनीं आमच्याकडून चहाखेरीज कांहीं घेतलें नाहीं, आणि त्यांची सांडलेलीं कालवें तोंपर्यंत पाण्याखालीं गेलीं होतीं.

यंदाची तिथि मुलांनीं स्वतः काढली आहे. षष्ठी: सकाळीं दहाच्या सुमारास ओहोटी, साडेचारास पूर्ण भरती, दुपारीं बारानंतर कोणीही खडकावर राहावयाचें नाहीं, असें त्यांनीं फळ्यावर लिहून ठेवलें आहे. आदला दिवस फणसाडच्या रानांत. दोन पालकांनीं बरोबर येण्याचें कबूल केलें असून, त्यांपैकीं एक गृहस्थ म्हणजे सहल बंद करण्याविषयींचें पहिलें पत्र ज्यांनीं लिहिलें तेच होत.